शेरा : सर्व जागच्या जागी

दिवाळीला घरी गेले तेव्हा एका दुपारी बाबांची फवारणीची वही हाताला लागली आणि मी नुसतीच चाळत बसले. मोहोर कधी आला, तुडतुडा कुठल्या कलमांवर दिसला, कुठलं औषध किती पाण्यात, कुठल्या तारखेला अवकाळी पाऊस येऊन मारलेलं औषध धुऊन गेलं, सगळं त्यात असतं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यामुळे बाबांना पट्टीने रेघा मारून रकाने पाडल्याशिवाय काही लिहिताच येत नाही. चाळता चाळता मागच्या बाजूला एक पान आलं, त्यावर फवारणीचं काहीच नव्हतं. रकाने होते, दिनांक, वेळ, टक्के, आकडा आणि शेरा. १० सप्टेंबर, रात्री ९.४०, ७१ टक्के, मग तो लांबलचक आकडा, आणि शेरा : परत मागे, सर्व जागच्या जागी. १९ सप्टेंबर, रात्री १०.०५, ७१ टक्के, तोच आकडा, परत मागे, सर्व जागच्या जागी. ५ ऑक्टोबर, तेच. आणि त्या शेवटच्या ओळीच्या शेऱ्यात पुढे अजून तीन शब्द होते. बायला कळवले नाही.

बाय म्हणजे मी.

आता ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना सांगायला नको, पण गणपतीला चाकरमानी घरी आला की त्याच्या नावाने वर्षभराची कामं राखून ठेवलेली असतात. गणपतीवरची माटवी बांधायची, मागच्या दाराची कडी बदलायची, आईच्या मोबाईलमधली जागा भरली ती रिकामी करायची, बँकेचा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो ते बघायचं. आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी ठाण्याला एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच माझं काम. त्यामुळे २०२५ ला, २७ ऑगस्टला गणपती, २६ ला मी घरी, आणि माझ्या नावाचं काम होतं ते बाबांच्या कॉम्प्युटरचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता. बाबा त्याच मशीनवर आंब्याचा हिशोब ठेवतात, वाशीच्या बाजारातून आलेली विक्रीची पट्टी जुळवतात, नेट बँकिंग करतात. हवं तर वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सिक्युरिटी अपडेट पुढे चालू ठेवायची सोय आहे हे मला माहीत होतं, पण म्हटलं की आज ना उद्या करायचंच आहे तर मी इथे असतानाच विंडोज ११ करून टाकते, परत पुढच्या वर्षी कोण बघणार.

मशीन तसं बरं होतं. २०१९ मध्ये घेतलेलं, आठव्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारं. पण घेताना दुकानदाराने जुन्या मशीनची डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवून दिली होती, त्यामुळे आत सगळी रचना जुन्या पद्धतीची, एमबीआर डिस्क आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीनला जागं करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, ते जुन्या लेगसी मोडला. विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन सोयींपैकी सिक्युअर बूट नाही, टीपीएम २.० बंद. हे असं फार घरांत असतं, मशीन नवीन पण आतली मांडणी मागच्या मशीनची. आधी बाबांच्या सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग एमबीआर-टू-जीपीटी चालवून डिस्कची मांडणी नवीन पद्धतीची करून घेतली, ही कमांड विंडोजमध्येच असते आणि डेटा न पुसता काम करते, पण ती चालवताना दर वेळी माझे तळहात ओले होतात कारण त्यानंतर बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय, म्हणजे नवीन पद्धत, केलं नाही तर मशीन चालूच होत नाही. केलं. प्रोसेसरमधला टीपीएम, इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, तो चालू केला. हे सगळं पहिल्या फटक्यात झालं तेव्हा मला वाटलं की आता पुढचं काय, दोन तासांचं काम.

२८ तारखेच्या रात्री आरती झाल्यावर सुरू केलं. बाहेर पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात फॅनचा आवाज ऐकू येत नव्हता. लाईट दोनदा लुकलुकली, यूपीएसने टूं टूं केलं, आई देवापाशी जाऊन समईत तेल घालून आली. ३४ टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली आणि मग ते वाक्य आलं, अनडूइंग चेंजेस मेड टू युवर कॉम्प्युटर. शेवटी आकडा दिला तो शून्य-एक्स-सी-१९००१०१, आणि त्याला जोडून शून्य-एक्स-२००१७. ह्या आकड्याचा पहिला भाग बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, आणि दुसऱ्या भागातला पहिला अंक सांगतो की काम कुठल्या टप्प्यावर अडलं. २ म्हणजे नवीन विंडोज स्वतः चालू व्हायच्या आधी, ३ म्हणजे पहिल्या बूटला, ४ म्हणजे दुसऱ्या. मग मी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर, सगळं काढलं, फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवला, ३० तारखेला परत लावलं. ह्या वेळी ७१ टक्क्यांपर्यंत गेलं. आणि परत मागे. आकडा तोच, फक्त शेवटचं आता ४००१७ झालं होतं. म्हणजे कणकवलीहून सुटलेली गाडी आधी नांदगावावरून परत आली होती आणि आता वैभववाडी करून परत आली होती, पुढे गेली हे खरं पण पोचली नाही.

मी खुर्चीत डोकं धरून बसलेले. बाबा इतका वेळ पडवीत होते ते आत आले, चष्मा पुसला, डेस्कटॉपवरचे फोल्डर बोटाने मोजले आणि म्हणाले, "मागे इलो मा? सगळां आसा मा जाग्यार?" मी हो म्हटलं. तर त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला राग आला. दोन रात्री जागून मी जे करत होते ते फसलं होतं आणि ह्यांना आनंद. मग माझ्या तोंडून गेलं ते. मागच्या बाजूला लोंबणाऱ्या, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या त्या जुन्या डोंगलकडे बोट दाखवून मी म्हटलं, बाबा, त्या डोंगलचाच ड्रायव्हर असणार हा, ते सॉफ्टवेअर काढूनच टाकूया आता, वीस वर्षांपूर्वीचं आहे, कोण वापरतं आता हे?

"मी वापरतंय," बाबा म्हणाले.

आवाज चढवला नाही. मॉनिटरवर आईने जुन्या पडद्याचं शिवलेलं कव्हर घातलं, त्याच्या कडा नीट खाली ओढल्या, जसं झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसं, आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं, संध्याकाळी माझी गाडी. त्या विषयावर आम्ही परत बोललोच नाही.

आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला २००४ मध्ये. कणकवलीहून टेम्पोतून, थर्माकोलसकट. एक्सपी होतं. आईने कीबोर्डला हळदकुंकू लावलं, एफ-१ च्या वर कित्येक वर्षं तो पिवळा डाग होता. वाडीतली पोरं ओटीवर येऊन बसायची, फक्त स्क्रीनसेव्हर बघायला. त्या काळी मशीनला काहीही झालं की एकच औषध असायचं, फॉरमॅट मारूया. अपग्रेड वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, नवीन विंडोज म्हणजे जुनं पुसायचं आणि नवीन घालायचं. २०११ ला एक्सपी काढून विंडोज ७ घालायचं ठरलं तेव्हा दुरुस्तीवाल्याने विचारलं होतं, गुरुजी, सी ड्राइव्हवर महत्त्वाचं काय नाय ना? बाबा म्हणाले नाही, सगळं डी वर आहे. आणि खरंच त्यांनी हिशोब, पत्रं, शाळेची कागदपत्रं सगळी शिस्तीत डी वर ठेवली होती. पण जे सगळ्यात जवळचं, ते त्यांनी डेस्कटॉपवर ठेवलं होतं, चालू केल्याबरोबर डोळ्यांसमोर दिसावं म्हणून. आजीचे फोटो. आजी गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या आतेभावाने डिजिटल कॅमेरा आणला होता आणि आजी खळ्यात सोलं वाळत घालतेय, पदर डोक्यावर, कोकमाच्या रसाने हात मनगटापर्यंत लाल, असे वीस-बावीस फोटो काढले होते. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरच असतो हे बाबांना कोण सांगणार होतं.

दुरुस्तीवाल्याची चूक नव्हती, त्याने विचारलं होतं. बाबांचीही नव्हती. आतेभावाच्या कॅमेऱ्याचं कार्ड तोवर तीनदा पुसून झालं होतं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त त्यानंतर कितीतरी दिवस ते मशीन चालू करून त्या हिरव्या माळरानाच्या जागी आलेल्या निळ्या स्क्रीनकडे बघत बसायचे, मग बंद करायचे. मी तेव्हा बारावीत होते, मला अभ्यासाचं पडलेलं.

आणि आता ऑगस्टमध्ये, पहिल्यांदाच, एक मशीन असं भेटलं की जे अर्ध्या वाटेत अडलं तरी आधी सगळं जिथल्या तिथे ठेवून मगच परत येतं. त्यांचा चेहरा का मोकळा झाला होता हे मला ती वही हातात धरून, त्या शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून कळलं. दर वेळी त्यांनी तेच लिहिलंय, सर्व जागच्या जागी. अपग्रेड झालं नाही हे त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही.

त्या डोंगलचं सांगते. अंगठ्याएवढा हिरवा तुकडा, यूएसबीला लावायचा, तो लावला तरच ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतं. २००५ मध्ये बाबांनी घेतलं तेव्हा त्याची किंमत त्यांच्या पगारात जड होती हे आई अजून सांगते. त्यावर गावाच्या देवळाचे अर्ज टाईप झाले, जत्रेची पत्रकं झाली, वाडीतल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका झाल्या. आणि २००६ च्या पावसाळ्यात गाऱ्हाणं झालं, म्हणजे गावासाठी देवापुढे घालतात ते मागणं. आमच्या गावचे म्हातारे घाडी, म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारे मानकरी, तेव्हा थकत चालले होते, आणि ते जे गाऱ्हाणं घालायचे ते पूर्ण कुणालाच येत नव्हतं, कारण ते लिहिलेलं कधी नव्हतंच, ते त्यांच्या तोंडात होतं. बाबांनी त्यांना ओटीवर बसवलं, टेपरेकॉर्डर लावला, पण घाडीआजोबांना मशीनसमोर गाऱ्हाणं घालता येईना, म्हणायचे समोर माणसं नकोत काय व्हय म्हणाक? मग आई, आजी, शेजारच्या काकी, मी, आम्ही सगळ्या समोर बसलो. बा देवा महाराजा म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि आम्ही व्हय महाराजा म्हणत राहिलो. चार संध्याकाळी चाललं ते. गावाच्या सीमा, कुठल्या वेशीवर कोण राखणदार, कुठल्या आजारात काय मागायचं, मुंबैक गेलल्या झिलाक सांभाळ म्हणून कसं मागायचं, सगळं. रात्री बाबा टेप मागे-पुढे करत दोन बोटांनी टाईप करायचे. ती कॅसेट पुढे बुरशी धरून गेली, कोकणात कॅसेट टिकते किती. घाडीआजोबाही गेले. राहिली ती अकरा पानांची फाईल.

आणि ती फाईल ठाण्याला माझ्या लॅपटॉपवर उघडली तर एकही मराठी अक्षर दिसत नाही. इंग्रजी अक्षरं, टिंबं, उलटे प्रश्नचिन्ह, डॉलरची खूण, असला चिखल. कारण त्या काळच्या फॉन्टांची युक्तीच तशी होती, आतमध्ये साठवलेलं अक्षर इंग्रजीच, फक्त फॉन्ट त्याला क किंवा मात्रेचं रूप द्यायचा. फॉन्ट गेला की अर्थ गेला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, क हा कुठल्याही मशीनवर क च राहतो, पण बाबांनी टाईप केलं ते सगळं त्या दुसऱ्या पद्धतीत. म्हणजे मी ऑगस्टमध्ये जेव्हा म्हटलं ना की डोंगल काढून टाकू, तेव्हा मी एका ड्रायव्हरबद्दल बोलत होते, आणि पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतलाय म्हणून निर्धास्त होते. बाबांना ऐकू गेलं ते वेगळंच. आणि खरं सांगायचं तर त्यांना ऐकू गेलं तेच बरोबर होतं, कारण माझ्या त्या बॅकअपमध्ये फाईल होती पण गाऱ्हाणं नव्हतं.

मधल्या काळात एक सकाळ अशीही आली होती की मशीन चालूच होईना. बाबांचा फोन, बाय, काळ्या स्क्रीनवर लिहिलंय बूट डिव्हाइस नाही. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून विचार करतेय की एसएसडी गेली की काय, कारण समुद्राच्या वाऱ्यावर काय टिकतं, आमच्याकडे खिडकीच्या सळ्या दर तीन-चार वर्षांनी खरवडून रंगवायला लागतात, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायचं काम तर बाबा स्वतः करतात, पोरांची पाटी पुसावी तसे. मग विचारलं, घड्याळ किती दाखवतंय? म्हणाले तारीख २०१८ ची दाखवतंय. तेव्हा सुटलं. बोर्डावरचा तो गोल सेल, सीआर-२०३२, संपला होता. एरवी कळलं नसतं, पण रात्री वीज कडाडायला लागली की बाबा पिन भिंतीतून काढून ठेवतात, आणि पिन काढली की बोर्डाला सेलशिवाय आधार नाही, सेल मेलेला, त्यामुळे बायोस सगळं विसरून परत लेगसीवर गेला. डिस्क मी नवीन पद्धतीची करून ठेवलेली, ती त्याला ओळखूच येईना. फोनवर पाऊण तास लागला. डिलीट दाबत राहा, आता बाणाने खाली, काय लिहिलंय वाचा. बाबा एकेक इंग्रजी शब्द अक्षर अक्षर करून वाचत होते, सी, एस, एम, आणि मी जिन्यात डोळे मिटून ती स्क्रीन बघत होते. लागलं शेवटी. त्याच दिवशी ते एसटीने जामसंड्याला जाऊन सेल घेऊन आले, बसवला, आणि संध्याकाळी फोटो पाठवला, जुना आणि नवा सेल शेजारी शेजारी.

एवढं सगळं मला सांगणारा माणूस ५ ऑक्टोबरला कळवत नाही. मी वहीतलं ते पान बाबांना दाखवलं नाही. आईला विचारलं, ती तांदूळ निवडत होती, ती म्हणाली अगं तुला ऑफिसात केवढं काम, आणि वर ते म्हणत होते की तिला वाटतं मला व्हायलाच नकोय, तर मीच करून बघतो. म्हणजे ते त्या मशीनला मागे ठेवण्यासाठी नाही, पुढे नेण्यासाठी रात्री दहा-दहा वाजता बसत होते. एकटे. माझ्यासाठी. डोंगल काढून कपाटात ठेवायचे आणि मग सुरू करायचे, कारण मी डोंगल म्हटलं होतं. डोंगल उपटला तरी त्याचा ड्रायव्हर आतच राहतो हे सांगायला मी थांबलेच नव्हते.

धनत्रयोदशीच्या रात्री मी नीट बसले. ऑगस्टमध्ये बसायला हवं होतं तशी. अपग्रेड फसलं की विंडोज एक लपवलेलं फोल्डर मागे ठेवतं, त्यात पँथर नावाच्या फोल्डरात सगळा वृत्तांत असतो, हजारो ओळी, कुठल्या सेकंदाला काय केलं आणि काय अडलं. तो वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मलाही असतो. शेवटाकडे एका ड्रायव्हरचं नाव आलं, तारीख २००९. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेली उपकरणं दाखव म्हटलं. हे कधी कुणी आपल्या घरच्या मशीनवर केलंय का माहीत नाही. कधीकाळी जोडलेलं आणि आता नसलेलं सगळं फिकट रंगात दिसायला लागतं. लॉकडाऊनमध्ये भाच्याच्या शाळेसाठी आणलेला वेबकॅम. तौक्ते वादळानंतर घराची लाईन कितीतरी दिवस आली नव्हती तेव्हा शेजाऱ्यांचा आणलेला नेटसेटर. आईचा आधीचा मोबाईल, जो विहिरीत पडला. दोन प्रिंटर, त्यातला एक मुंग्यांनी खाल्ला. कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह, पत्रिका छापून न्यायला आलेल्यांचे असणार. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि एकेक नाव वाचून कोण, कधी, कशासाठी ते सांगत गेले. रात्रीचे साडेबारा झाले. सगळ्यात खाली तो डोंगल.

मी विचारलं, बाबा, हा काढला तरच पुढे जाईल. काढू?

"आधी गाऱ्हाणां बाहेर काढ," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, स्क्रीनकडे बघतच, "कलम हलवतत तेव्हा मातीचो गोळो फुटाक देऊचो नसता गो."

मग दोन दिवस तेच केलं. एक रिकामी जुनी डिस्क होती तिच्यावर आहे तसं सगळं मशीन उतरवून घेतलं, विंडोज १० सकट, सॉफ्टवेअर सकट, आणि ती डिस्क आणि डोंगल एका बरणीत, खाली तांदूळ, वर झाकण घट्ट, असं आईने ठेवलं. फाईली एकेक करून जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलल्या. बदलून देणारी साधनं मिळतात पण ती सगळी कुठे ना कुठे अडखळतात, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे जाते, जोडाक्षरं सुटतात. आणि एक गोष्ट दर वेळी चुकत होती. आपला जो आडवा र आहे, वाऱ्यावर, दर्यावर नव्हे, वाऱ्यावर मधला, तो सरळ रफार होऊन येत होता. वार्यावर. दुसर्या. तर्हा. युनिकोडमध्ये त्याला वेगळा र लागतो, खाली टिंब असलेला ऱ, किंवा साध्या र ला एक अदृश्य जोडणी लावावी लागते, आणि हे त्या साधनाला कुणी शिकवलेलं नव्हतं. अकरा पानांवर पहिलाच शब्द चुकलेला होता. गार्हाणं.

बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले प्रिंट काढ. छापील अकरा पानं घेतली, शाळेतला लाल पेन काढला, आणि पडवीत बसून पेपर तपासावेत तसे तपासायला लागले. मी शोधून बदलता येईल असं म्हणणार होते, पण गप्प राहिले.

चावदिवसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे अंघोळी झाल्या, तुळशीपाशी कारिटं फोडून झाली, पाच तऱ्हेचे पोहे खाल्ले. मग मी त्या जुन्या ड्रायव्हरला मुळासकट काढलं, सेटअप चालू केला, साडेनऊ वाजता. बाबांनी वही आणून शेजारी ठेवली. दिनांक, वेळ लिहिली, बाकीचे रकाने मोकळे. आणि लाल खुणा केलेली पानं घेऊन शेवटचं एकदा तपासायला बसले, ह्या वेळी मोठ्याने, कारण घाडीआजोबांच्या बोलण्यातला कुठला शब्द कुठे तुटायचा हे त्यांना मनात वाचून कळत नव्हतं, तोंडाने म्हणून बघायला लागत होतं. खिडकीतून ऊन आलेलं, पावसाने धुतलेलं असतं तसलं, आणि कणगीच्या बाजूने भाताचा वास. ३४ ला मी श्वास धरला. गेलं पुढे. एकदा बूट झालं. ५२. ६०. बाबा चौथ्या पानावर होते, वेशीवरच्या राखणदारापाशी. ७१ आलं, स्क्रीन काळी झाली, मशीनच्या आतला पंखा थांबल्यासारखा वाटला आणि मी टेबलाची कड धरली.

"...मुंबैक गेलली, ठाण्याक गेलली, परमुलखात पोटाक गेलली पोरां जी आसत, तेंका सांभाळून घे रे महाराजा," बाबा वाचत होते.

आतून, चुलीपाशी पोह्यांची भांडी घासता घासता, आई म्हणाली, "व्हय महाराजा."

पंखा परत फिरायला लागला. पांढरे ठिपके गोल गोल, मग खाली ७२. बाबांनी वर बघितलं नाही, त्यांना त्या ओळीत एक रफार सापडला होता, तो ते लाल करत होते.